जुन्या पोहायच्या हौदाचं पाणी रोज दीड-दोन इंच उतरतंय, फोडायच्या आधी गळती कशी शोधू?

केळीवाला_यावल

राम राम मंडळी.

टोमणे आधीच संपवून घेतो. हो, आमच्या वावरात स्विमिंग पूल आहे. फैजपूरच्या अलीकडे, घराच्या मागच्या अंगाला. १९९९ साली नानांनी बांधला. त्या वर्षी केळीने दोन पैसे जास्त दिले होते. अशा वेळी लोक ट्रॅक्टर बदलतात, नानांनी हौद बांधला. कारण एवढंच की गावातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची आणि पोरींना विहिरीत कोणी उतरू द्यायचं नाही. माझ्या दोन्ही बहिणी याच हौदात शिकल्या. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोघी पोराबाळांसकट येणार आहेत, अठरा दिवस उरलेत आणि हौद गळतोय.

माप ३० बाय १६ फूट. उथळ बाजू ३ फूट, खोल बाजू ६. म्हणजे साठेक हजार लिटर. आरसीसीचा आहे, आतून निळ्या टाइल्स. एक स्किमर (वरच्या थरातलं पाणी पंपाकडे ओढणारं तोंड), तळाला एक ड्रेन (तळचं पाणी ओढणारा), तीन इनलेट (फिल्टर झालेलं पाणी हौदात परत सोडणारी तोंडं), खोल बाजूच्या भिंतीत एक दिवा (दहा वर्षांपासून बंद). पंप दीड एचपीचा, पुढे वाळूचा फिल्टर आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची वाट बदलणारा सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. जमिनीखालचे पाइप म्हणजे विहिरीच्या पाइपलाइनचे उरलेले ६३ मिमीचे. नाना आजही छातीठोक सांगतात, "सहा किलोचा आहे, आयएसआयचा." (म्हणजे सहा किलोचा दाब झेलणारा.)

तक्रारी दोन. पाणी रोज दीड-दोन इंच उतरतं. आणि पंप लावला की इनलेटमधून बुडबुडे येतात, पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली अर्धं भांडं हवाच दिसते.

एक पूलवाला येऊन गेला. पंधरा मिनिटं काठावर फिरला, चहा प्याला आणि म्हणाला, चारही बाजूची फरशी फोडा, सगळे पाइप नवे टाका, एक लाख ऐंशी हजार. पाण्याला हात लावला नाही त्याने. मोठे भाऊ म्हणतात, प्लास्टिक अंथर आणि शेततळं कर. नाना ऐंशीचे झालेत, ते काही बोलत नाहीत. रोज सकाळी काठी घेऊन जातात आणि टाइल्सची कितवी ओळ उघडी पडली ते बघून येतात.

फोडायला माझी ना नाही. पण कुठे फोडायचं ते तरी कळू द्या. कोणी जुना हौद दुरुस्त केलाय का?

---

ठिबकवाला_रावेर

भाऊ, मी पूलवाला नाही, ठिबकचा फिटर आहे. पण तुमचा वाळूचा फिल्टर आणि केळीच्या बागेतला वाळूचा फिल्टर हे सख्खे भाऊ. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) तोच, प्रेशर गेज तोच, रोगही तेच.

आधी एक काम करा, फुकटचं आहे. बादली घ्या, तळाशी दगड ठेवा म्हणजे तरंगणार नाही, आणि हौदाच्या पायरीवर अशी ठेवा की अर्ध्याहून जास्त पाण्यात राहील. बादलीत हौदाइतकंच पाणी भरा. बादलीच्या आत एक खूण, हौदाच्या टाइलवर एक खूण. चोवीस तासांनी दोन्ही मोजा. बादलीतलं जेवढं गेलं ते उन्हाने नेलं, त्याच्यावर जे गेलं ती गळती. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४३-४४ वर आणि वरून झळा, निव्वळ उन्हानेच एक सेंटीमीटर जातं. लोक त्यालाच गळती समजून फरशी फोडतात.

आणि सहा किलोचा की चार किलोचा ते नानांना परत एकदा विचारा. चार किलोचा पाइप डिलिव्हरीला (पंपाच्या पुढे) चालून जातो, पण सक्शनला (पंप पाणी ओढतो त्या बाजूला) लावला की उन्हाळ्यात चपटा होतो. काळ्या मातीत तर विचारूच नका. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते आणि पाइप भिंतीत शिरतो तिथेच त्याची मान मोडते.

---

तापीकाठचा

आमच्याकडे बोअर आठशे फुटांवर गेले, केळीला पाणी पुरत नाही आणि तुम्ही साठ हजार लिटरमध्ये पोहून राहिले. शेततळंच करा. तुमचे भाऊ बरोबर सांगतात.

---

केळीवाला_यावल

तापीकाठचा भाऊ, रागावू नका. हौद एकदा भरला की वर्षभर तेच पाणी फिल्टर होऊन फिरतं, गळला तरच प्रश्न. म्हणून तर गळती शोधतोय. आणि बॅकवॉशचं पाणी आजवर नालीत गेलेलं नाही, शेवग्याला जातं.

ठिबकवाले भाऊ, बादली आजच ठेवतो.

---

हॉटेलचा_पूल_धुळे

मी धुळ्यात एका हॉटेलचा पूल चौदा वर्षं सांभाळतो, म्हणून लिहितो. बादलीची चाचणी एकदा नाही, दोनदा करायची. एक दिवस पंप पूर्ण बंद ठेवून आणि दुसऱ्या दिवशी पंप नेहमीसारखा चालवून. खरी गंमत या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

पंप चालवल्यावर जास्त पाणी गेलं तर दोष पंपाच्या पुढे. म्हणजे फिल्टर, मल्टिपोर्ट, इनलेटकडे जाणारी लाइन, जिथे पाणी दाबाने बाहेर पडतं. पंप बंद असताना जास्त गेलं तर संशय सक्शनवर, कारण पंप चालू असताना त्या भेगेतून पाणी बाहेर जाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. दोन्ही वेळी सारखंच गेलं तर पाइप सोडा आणि हौदाचं अंग बघा. स्किमरचा गळा, टाइल्समधली भेग, दिवा.

बुडबुड्यांचा आणि पाणी उतरण्याचा संबंध असेलच असं नाही. बुडबुडे म्हणजे पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा घुसतेय. दहापैकी आठ वेळा ते पंपाच्या झाकणाचं रबर असतं, नाहीतर पंपाच्या तोंडाशी आट्याचा प्लास्टिकचा जोड. पंप चालू ठेवून जोडांवर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खड्डा पडेल तिथे हवा शिरतेय. आणि रबराला ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं. आमच्या एका पोराने व्हॅसलीन लावलं होतं, महिन्याभरात रबर फुगून बाहेर आलं.

घाईघाईने हौद रिकामा मात्र करू नका. या उन्हात कोरडा पडला की टाइल्स फटाफट सुटतात. पावसाळ्यात तर जमिनीतलं पाणी खालून ढकलतं आणि रिकामा हौद वर उचलला जातो. तसा उचललेला एक हौद मी पाहिलाय, एका कोपऱ्यातून चार बोटं वर.

---

केळीवाला_यावल

आकडे आणलेत.

पंप बंद, २४ तास: हौद ४२ मिमी, बादली ११ मिमी.
पंप ८ तास चालू, २४ तास: हौद ६३ मिमी, बादली १२ मिमी.

आमच्या हौदात एक सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेचारशे लिटर. म्हणजे पंप न लावताही रोज चौदाशेच्या आसपास जातं आणि पंप लावला की त्यावर आणखी नऊशे. वाचून माझं मलाच कसंतरी झालं. तापीकाठच्या भाऊंनी शिव्या दिल्या त्या कमीच.

झाकणाचं रबर काढून पाहिलं. अगदी पापड. नवं टाकलं, सिलिकॉन ग्रीस लावलं, भांडं काठोकाठ भरलं. बुडबुडे नव्वद टक्के गेले. उरलेले तोंडाच्या जोडातून, फेस लावल्यावर तिथे खड्डा पडला. तो जोड कापून नवा बसवला. बुडबुड्यांचं प्रकरण तिथेच मिटलं, पण पाणी तेवढंच उतरतंय.

---

ठिबकवाला_रावेर

पंप चालू असताना नऊशे लिटर आठ तासांत, म्हणजे मिनिटाला दोन लिटरला थोडं कमी. एवढं पाणी जमिनीत मुरलं असतं तर वर ओल दिसली असती. एक सांगा, बॅकवॉशचा पाइप बाहेर कुठे उघडतो? हँडल 'फिल्टर'वर असताना त्या तोंडाशी जाऊन कधी बघितलं का?

---

हॉटेलचा_पूल_धुळे

हेच लिहायला आलो होतो. मल्टिपोर्टच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं. पाण्याला कुठल्या वाटेने जायचं ते त्याच्यामुळे ठरतं. त्याचा एक आरा उचलला गेला की फिल्टर चालू असताना थोडं पाणी गुपचूप बॅकवॉशच्या वाटेने निघून जातं. ते रबर का उचललं जातं माहितीये? पंप चालू ठेवूनच हँडल फिरवल्यामुळे. पंप बंद, मग हँडल, मग पंप. हे मी पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवलंय, तरी लोक फिरवतातच.

---

केळीवाला_यावल

सापडलं! म्हणजे सापडलेलं होतंच, मला दिसत नव्हतं.

बॅकवॉशचा पाइप शेवग्याखाली उघडतो आणि तिथे अळू माजलंय. ऐन एप्रिलमध्ये, हिरवंगार, छत्रीएवढी पानं. आई गेले दोन उन्हाळे त्याच्या वड्या करतेय आणि आम्ही मिटक्या मारत खातोय. पंप लावून तिथे गेलो तर करंगळीएवढी धार. नानांना सांगितलं तर म्हणाले, "मग अळू काय माझ्या पुण्याईवर वाढलं होतं का?" म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन वर्षं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

व्हॉल्व्ह उघडला. खुणेसाठी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, कारण झाकण उलटं बसलं तर सगळं उलटं. रबराचा एक आरा सुटून मुरडलेला होता. नवं रबर साडेसहाशे रुपयांना मिळालं. खाच आधी घासून कोरडी केली, मग बसवलं. सालदाराला (सालावर ठेवलेल्या गड्याला) समोर उभं करून पंप-हँडल-पंप तीनदा म्हणून घेतलं. तो हसून म्हणाला, "दादा, आखाजीला साल संपतंय माझं, पुढच्याला शिकवा."

पुन्हा बादली. पंप चालू ठेवून हौद ४३, बादली १२. म्हणजे नऊशे लिटर वाचले. उरली रोजची ३१ मिमी, जी पंप चालू असो की बंद, जातेच.

अजून एक. एका इनलेटची धार बाकी दोन्हींपेक्षा बारीक आहे. क्षार धरले असतील?

---

ठिबकवाला_रावेर

बोअरचं पाणी आहे, क्षार धरणारच. ठिबकला आपण ॲसिड सोडतो तसं त्या लाइनमध्ये सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी फ्लश करा.

---

भुसावळची_बाई

थांबा थांबा. मी निवृत्त शिक्षिका, रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून मध्ये बोलते. हौदात ब्लीचिंग पावडर टाकता ना? ती आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि पंपघर म्हणजे चार पत्र्यांची बंद खोली. ठिबकच्या नळीत ब्लीचिंग नसतं तेव्हा ॲसिड चालून जातं, इथे नाही. शिवाय ते ॲसिड शेवटी हौदातच उतरणार आणि टाइल्समधलं सिमेंट खाणार. कधी ॲसिड वापरायची वेळ आलीच तर पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. दोन्हींचे डबे एका फळीवर ठेवू नका. आत्ताच उठून बघा ठेवलेत का ते.

इनलेटचं तोंड आट्याचं असतं, ते हाताने फिरवून काढा आणि आत बोट घाला.

---

केळीवाला_यावल

बाई, खरं सांगतो, एकाच फळीवर होते. ॲसिड गोठ्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

इनलेट काढला. आत कडुनिंबाच्या निंबोळ्या, एक गोटी आणि पोरीच्या केसांना लावायची पिन. गोटी १९९९ च्या सुमाराची असणार, आता गावात गोट्या कोणी खेळत नाही. क्षार नव्हतेच.

---

ठिबकवाला_रावेर

बाई म्हणतात ते मान्य. मी माझ्या सवयीने बोललो.

---

हॉटेलचा_पूल_धुळे

आता रंगाची चाचणी. पंप बंद ठेवून तासभर पाणी स्थिर होऊ द्या. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये खायचा लाल रंग भरा आणि संशयाच्या जागेजवळ अगदी हळू, थेंब थेंब सोडा. गळती असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. नसेल तर तो तिथेच ढगासारखा लोंबकळतो. स्किमरचं प्लास्टिक काँक्रीटला भेटतं ती फट, इनलेटच्या कडा आणि दिवा. दिव्याच्या मागून वायरची नळी वर जाते, ती बहुतेक हौदांमध्ये पाण्याने भरलेलीच असते. बाहेर कुठे तडकली की हौद त्या नळीतून रिकामा होत राहतो.

---

वायरमन_अमळनेर

दिव्याजवळ हात नेण्याआधी: त्या दिव्याची लाइन बोर्डातून सोडवा. स्विच बंद करून भागणार नाही, वायरच सोडवून टोकाला टेप लावा. जुन्या हौदांमध्ये थेट २३० व्होल्टचे दिवे सर्रास बसवलेत, ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. दहा वर्षं बंद आहे म्हणजे करंट नाही, असं समजू नका. पंपाच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर पोरं उतरायच्या आधी बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

---

केळीवाला_यावल

वायरमन भाऊ, तुमचा मेसेज वाचला नसता तर मी सरळ उतरणार होतो. बोर्ड उघडला तर दिव्याची वायर एमसीबीच्या खाली तशीच जोडलेली, थेट २३०. पोटात गोळा आला. सोडवली. आरसीसीबी नव्हता, फैजपूरहून आणून बसवला.

मग रंग. सिरिंज गुरांच्या औषधाची, रंग आईच्या डब्यातला. स्किमरजवळ ढग, इनलेटजवळ ढग. दिव्याच्या कडेला थेंब सोडला आणि तो सुतासारखा सरळ आत गेला. तीनदा केलं, तीनदा आत. काठावर नाना काठी टेकून उभे होते. ते इतकंच म्हणाले, "परत कर."

खात्री करायला हौदाची पातळी दिव्याच्या खाली आणली. चार दिवस ब्लीचिंग टाकलं नव्हतं, त्यामुळे पंपाने काढलेलं पाणी, पंचवीसेक हजार लिटर, आमच्या आणि शेजारच्यांच्या केळीला दिलं. (तापीकाठचा भाऊ, याची नोंद घ्या.) चोवीस तासांनी हौद ११, बादली ११. बरोबरी.

म्हणजे तळाची लाइन शाबूत आहे. ती फुटली असती तर पाणी आणखी खाली गेलंच असतं. जी फरशी एक लाख ऐंशी हजारात फोडायची होती तिच्याखाली काहीच झालेलं नव्हतं. नानांचा पाइप सहा किलोचाच निघाला. पंपघरात जिथे तो वर येतो तिथे चिखल धुतल्यावर छापलेलं वाचता आलं. ते वाचायला मी नानांना चष्मा लावून नेलं.

दिवा काढला. मागच्या नळीच्या तोंडात पाण्याखाली चालणारी दोन भागांची एपॉक्सी पुटी मळून ठासली, वर जाड पीव्हीसीची चकती रबरासकट स्क्रूने आवळली. ती नळी मातीत कुठे तडकली ते शोधत बसलो नाही. दिवा लावायचाच नाही तर तिचं काय काम.

---

हॉटेलचा_पूल_धुळे

छान. पुटीला पूर्ण चोवीस तास द्या, मगच भरा. भरल्यावर पंप लावून बादली परत ठेवा, म्हणजे इनलेटच्या लाइनचाही निकाल लागेल. पातळी खाली असताना ती लाइन तपासली गेलेली नाही.

आणि तळाच्या ड्रेनची जाळी बघितली का? तुमचा एकच ड्रेन आहे. जाळी तुटलेली किंवा सुटलेली असेल तर त्या ओढीत पोरांचे केस, हात अडकतात आणि मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. या एका गोष्टीत मी कोणाचंच ऐकत नाही. जाळी धड नसेल तर पंपघरातला ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त स्किमरवर चालवा, तळ ब्रशने झाडत जा.

---

केळीवाला_यावल

जाळीचा एक स्क्रू होता, तीन नव्हते. चारही स्टीलचे नवे लावले. तरी पोरं असेपर्यंत ड्रेनचा व्हॉल्व्ह बंदच ठेवणार.

भरायला तीन रात्री लागल्या, कारण शेतीची लाइट रात्रीचीच. काल पंप आठ तास चालवून मोजलं: हौद १३, बादली १२. एक मिलिमीटर माझ्या पट्टीचं समजा. एकूण खर्च साडेनऊ हजार, त्यात निम्मा आरसीसीबी, वायर आणि अर्थिंगचा.

बहिणी आज सकाळी आल्या. धाकटीची पोर अजून पाण्यात उतरायला तयार नाही, पायरीवरच्या बादलीजवळ बसून विचारते, "मामा, हौदात बादली कशाला?" नाना तिला सांगून राहिले, पट्टी हातात घेऊन. आईची एकच तक्रार आहे, शेवग्याखालचं अळू सुकलं.

---

तापीकाठचा

नोंद घेतली. अळूला दोन बादल्या घालत जा.